आधी मुक्काम, मग रस्ता

रॉकी पर्वतातल्या राष्ट्रीय उद्यानांतून तंबू घेऊन गाडीने फिरायचे ठरले की बहुतेक घरांत आधी नकाशा उघडला जातो. डेन्व्हरला उतरायचे, रॉकी माउंटन उद्यान पाहायचे, मग ग्रँड टीटन, यलोस्टोन, तिथून उत्तरेला ग्लेशिअर, आणि जमले तर सीमा ओलांडून बँफ आणि जॅस्पर. टिंबे रेघेने जोडली की दहा-बारा दिवसांत सगळे बसते. डेन्व्हरपासून यलोस्टोनचे दक्षिण दार साधारण नऊशे किलोमीटर, यलोस्टोनच्या पश्चिम दारापासून ग्लेशिअर सव्वासहाशे-साडेसहाशे. अमेरिकेतल्या रस्त्यांवर ही एकेका दिवसाची अंतरे. खरी अडचण अंतराची नाहीच. ज्या रात्री जिथे झोपायचे तिथे जागा आहे का, त्या तारखेला घाटावरचा बर्फ निघालेला असेल का, आणि जो प्राणी पाहायला आलो तो बाहेर पडतो त्या वेळी आपण त्याच्यापासून किती तासांवर असू, या तीन प्रश्नांवर सगळी सफर तोललेली असते. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे: आखणी मुक्कामापासून सुरू करावी, रस्ता त्याच्यामागून येतो.

यलोस्टोनच्या ईशान्येला लामार नदीचे रुंद गवताळ खोरे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या उद्यानातले लांडगे मारून संपवले गेले होते. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत कॅनडातून आणलेले ३१ लांडगे इथे सोडले, आणि आज रानातला लांडगा दिसण्याची बऱ्यापैकी आशा धरता येते अशा जगातल्या मोजक्या जागांत लामारचे नाव घेतले जाते. तो दिसतो पहाटे आणि तिन्हीसांजेला. मुक्काम मॅमथ किंवा स्लू क्रीक या कॅम्पग्राउंडवर असला तर उजाडायच्या सुमारास खोऱ्यात दुर्बीण लावून उभे राहणे सोपे आहे. मुक्काम दक्षिणेला जॅक्सन गावच्या हॉटेलात असला तर मध्यरात्रीच निघावे लागेल, तेही एल्क आणि बायसन रस्त्यावर आडवे येत असताना. ग्लेशिअरमध्ये लोगन पास या घाटमाथ्यावरच्या वाहनतळाची गत हीच: ऐन हंगामात तो सकाळी लवकरच भरून जातो, आणि जवळच्या कॅम्पग्राउंडवर झोपलेला माणूस जिथे चालायला लागलेला असतो तिथे बाहेरून आलेला माणूस अजून पार्किंग शोधत असतो. उद्यान तेच, तिकीट तेच. रात्र कुठे काढली एवढाच फरक.

ही उद्याने आणि मोटारगाडी यांचे नाते जुने आहे, आणि आजच्या अडचणींची मुळे त्या नात्यात सापडतात. यलोस्टोनची स्थापना १ मार्च १८७२ ची. तिथे मोटारींना रीतसर प्रवेश मिळाला १ ऑगस्ट १९१५ रोजी. त्याआधी सगळा कारभार घोडागाड्यांचा होता. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली, आणि तिचे पहिले संचालक स्टीफन मॅदर यांनी ओळखले की सामान्य अमेरिकन माणूस गाडी घेऊन आला तरच उद्यानांना लोकांचा आणि काँग्रेसचा पाठिंबा मिळेल. १९२० साली पश्चिमेतली १२ राष्ट्रीय उद्याने जोडणाऱ्या सुमारे ८,००० किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गाची घोषणा झाली आणि डेन्व्हरहून गाड्यांचा एक ताफा तो पुरा करायला निघाला. त्यांना ७६ दिवस लागले. रस्ते तेव्हा कच्चे होते हे खरे; पण बारा उद्यानांना अडीच महिने हा हिशेब मला आजही अवाजवी वाटत नाही.

गाड्या आल्या त्या थेट झाडांखाली शिरल्या. जिथे सावली दिसेल तिथे गाडी लावायची, तिथेच चूल मांडायची. कॅलिफोर्नियातल्या रेडवुड वृक्षांखाली एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाच्या लक्षात आले की गाड्यांनी आणि पावलांनी माती इतकी घट्ट दाबली जाते की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाड हळूहळू मरते. लोक ज्या सावलीसाठी येतात तीच त्यांच्या येण्याने नाहीशी होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला माइनेके यांनी उपाय सुचवला: एकेरी वाहतुकीचा वळसा घेणारा रस्ता, त्याला फुटलेले गाडी लावण्यापुरते छोटे फाटे, प्रत्येक फाट्यापाशी पक्के टेबल आणि पक्की चूल, आणि मध्ये झाडोरा राखलेला. १९३३ नंतर नागरी संवर्धन दलाच्या तरुणांनी याच आराखड्यावर देशभर कॅम्पग्राउंड उभारले. आजही रॉकीतल्या कोणत्याही कॅम्पग्राउंडवर गेलात की हाच वळसा, हेच टेबल, तीच लोखंडी चूल दिसते. म्हणजे साइटची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवलेली आहे आणि ती वाढवणे योग्यही नाही. एकट्या यलोस्टोनला २०२१ साली ४८ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या, आणि तिथल्या सगळ्या कॅम्पग्राउंडवर मिळून साइट आहेत दोन हजारांच्या आसपास. बुकिंगसाठी चढाओढ लागते ती या गणितामुळे.

आता बुकिंगबद्दल. केंद्र सरकारच्या रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर बऱ्याच कॅम्पग्राउंडच्या तारखा सहा महिने आधी खुल्या होतात, आणि जुलै-ऑगस्टच्या चांगल्या जागा पाहता पाहता जातात. काही जागा मुद्दाम राखून दोन आठवडे किंवा चार दिवस आधी सोडल्या जातात. ग्रँड टीटनमध्ये २०२१ पासून सगळी कॅम्पग्राउंड आगाऊ आरक्षणावरच चालतात. सकाळी लवकर पोचून जागा धरण्याचा जुना रिवाज तिथे संपला. यलोस्टोनमध्ये मात्र दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि पहिल्यांदा जाणारे नेमके इथे गोंधळतात. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही पाच मोठी कॅम्पग्राउंड उद्यानाने नेमलेली खासगी कंपनी चालवते, तिचे संकेतस्थळ वेगळे आणि तिचे आरक्षण कितीतरी आधी उघडते. उरलेली सरकारी संकेतस्थळावर. सरकारी संकेतस्थळ ‘जागा नाही’ म्हणत असताना दुसरीकडे जागा असू शकते.

ज्यांचा सहा महिन्यांचा मुहूर्त हुकला त्यांनी निराश होऊ नये. लोक हौसेने चार-चार रात्री अडवून ठेवतात आणि तारीख जवळ आली की सोडतात. शेवटच्या दोन आठवड्यांत रोज सकाळ-संध्याकाळ पाहत राहणाऱ्याला एक-दोन रात्रींचे तुकडे मिळतात. ते तुकडे जोडत बसण्यापेक्षा एका बाजूच्या सलग तीन रात्री मिळेपर्यंत थांबावे असे मी सुचवेन. रोज तंबू उखडून नव्या जागी ठोकण्यात सकाळचे सर्वांत चांगले तास जातात, आणि लहान मुले असली तर सगळ्यांची चिडचिड होते.

प्रवेशाच्या वेळेचेही आरक्षण असू शकते. रॉकी माउंटन उद्यानात २०२० पासून उन्हाळ्यात ठरावीक वेळेचा प्रवेश घ्यावा लागतो; ग्लेशिअरने २०२१ ते २०२५ या काळात वेगवेगळ्या स्वरूपात गाड्यांसाठी आरक्षण ठेवले होते. हे नियम दरवर्षी बदलतात. गेल्या उन्हाळ्यात जाऊन आलेल्या मित्राकडून वाटा आणि दृश्ये यांची माहिती जरूर घ्यावी, नियम मात्र उद्यानाच्या स्वतःच्या पानावर त्या वर्षीचेच वाचावेत.

आपल्या घरांच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल १ जानेवारी २०२६ पासून झाला आहे. सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलरला मिळतो. अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी तो आता २५० डॉलरचा आहे. हा पास नसेल तर ११ गर्दीच्या उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय सोळा वर्षे आणि त्यावरच्या प्रत्येक अनिवासी माणसामागे १०० डॉलर द्यावे लागतात. रॉकी माउंटन, ग्रँड टीटन, यलोस्टोन आणि ग्लेशिअर ही चारही त्या अकरांत आहेत. पुण्या-नाशिकहून उन्हाळ्यात मुलाकडे आलेले आई-वडील याच वर्गात मोडतात. घरात कोणाकडे कोणता पास आहे, त्यात गाडीतली कोण माणसे धरली जातात, सोबत कोणते ओळखपत्र लागेल, हे निघण्याआधी तपासून घ्यावे. दाराशी रांगेत उभे राहून आईबाबांसमोर पैशांचा खल करायची वेळ कोणावर येऊ नये.

उद्यानात जागा नाहीच मिळाली तर उद्यानाला लागून असलेली राष्ट्रीय वने आहेत, आणि पुष्कळ मराठी कुटुंबांना ती माहीतच नसतात. टीटनच्या शेजारी ब्रिजर-टीटन, यलोस्टोनच्या पूर्वेला शोशोन, उत्तरेला कस्टर गॅलेटिन, ग्लेशिअरला लागून फ्लॅटहेड. त्यांची स्वतःची साधी, स्वस्त कॅम्पग्राउंड असतात, आणि अनेक भागांत वनरस्त्याच्या कडेला ठरलेल्या जागी, साधारणपणे चौदा दिवसांपर्यंत, पैसे न देता तंबू ठोकता येतो. तिथे नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही. अस्वलांचे नियम मात्र सगळे लागू. लांबच्या पल्ल्यातली मधली एक रात्र काढायला ही जागा छान, पण पहिल्यांदाच तंबूत झोपणाऱ्या कुटुंबाने सुरुवात इथून करू नये. खासगी कॅम्पग्राउंडही ठिकठिकाणी आहेत. त्यांतली सर्वांत पसरलेली केओए ही साखळी १९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्जला यलोस्टोन नदीकाठीच सुरू झाली. तंबू दाटीने असतात, महामार्गाचा आवाज येतो, पण गरम पाण्याची अंघोळ आणि कपडे धुण्याचे यंत्र मिळते. पाच-सहा रात्रींनंतर अशी एक रात्र घ्यावी.

तारखा ठरवतो तो बर्फ. ग्लेशिअरमधला गोइंग-टू-द-सन रस्ता १९३३ साली वाहतुकीला पूर्ण खुला झाला. सुमारे ८० किलोमीटरचा हा रस्ता २,०२६ मीटरवरच्या लोगन पासवरून पर्वताची धार ओलांडतो, आणि त्यावरचा बर्फ वसंतात यंत्रांनी कापून काढावा लागतो. तो पूर्ण उघडतो जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या मध्यापर्यंत, नेमका दिवस आधी कोणीच सांगत नाही. रॉकी माउंटनमधला ट्रेल रिज रस्ता ३,७१३ मीटरपर्यंत चढतो आणि साधारण मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालू असतो. यलोस्टोनचे बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला साध्या गाड्यांना बंद होतात ते एप्रिलच्या उत्तरार्धात उघडू लागतात. बारमाही खुला असतो तो फक्त उत्तरेचा गार्डिनर ते कुक सिटी हा रस्ता. शाळेला मेअखेर सुट्टी लागली म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्लेशिअर गाठणारे कुटुंब धबधबे पाहील, बायसनची तांबूस पिल्ले वाटेत यलोस्टोनला पाहील, पण ज्या रस्त्यासाठी आले तो अर्ध्यावर बंद असण्याची शक्यता मोठी.

जुलैचा पूर्वार्ध डासांचा आणि ४ जुलैच्या सुट्टीच्या गर्दीचा. मुलांच्या शाळेचे बंधन असेल तर जुलैअखेर ते ऑगस्टचा मध्य हा काळ घ्यावा आणि एक उद्यान कमी करावे. बंधन नसेल तर माझे मत सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या बाजूने आहे: लेबर डेची सुट्टी उलटून गेलेली, अ‍ॅस्पेनची पाने पिवळी होऊ लागलेली, एल्क नरांच्या शिट्ट्या खोऱ्यांतून घुमत असलेल्या. किंमत एवढीच की काही कॅम्पग्राउंड बंद व्हायला लागतात आणि पहाटे तंबूवर दहिवर गोठलेले असते.

ऑगस्ट-सप्टेंबरचा दुसरा धनी वणवा. १९८८ साली यलोस्टोनचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या वेढ्यात आला होता. तिथल्या लॉजपोल पाइनची काही बोंडे आगीच्या आचेनेच उघडतात आणि बी टाकतात, त्यामुळे आज त्या उतारांवर एकाच वयाचे दाट तरुण रान उभे आहे. आग या डोंगरांना नवी नाही. तरी जुलै २०२४ मध्ये कॅनडातल्या जॅस्पर गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती वणव्याने खाल्ल्या, तेव्हा ऐन हंगामातले हजारो पर्यटक रातोरात बाहेर काढावे लागले. आखणीत याला जागा हवी. गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, बाहेर पडायचे दोन रस्ते ठाऊक असू द्यायचे, धुराच्या दिवशी चढाई रद्द करून खोऱ्यातले संग्रहालय किंवा तळ्याकाठ पुरेसा मानायचा. शेकोटीवर बंदी असते तेव्हाही झडपेने बंद होणारा गॅसचा स्टोव्ह बहुधा चालतो, म्हणून जेवण शेकोटीवर अवलंबून ठेवू नये. आणि घरून जळाऊ लाकूड नेऊ नये. सालीखाली लपलेल्या किड्यांबरोबर झाडांचे रोग एका प्रांतातून दुसऱ्यात जातात. लाकूड तिथलेच विकत घ्यावे.

अस्वलांवर जरा थांबतो, कारण स्वयंपाकाच्या आपल्या सवयींचा या विषयाशी थेट संबंध येतो. विसाव्या शतकात कितीतरी वर्षे यलोस्टोनमध्ये हॉटेलांचा कचरा उघड्यावर टाकला जाई आणि तो खायला येणारी अस्वले पाहण्यासाठी प्रेक्षकांना बसायला बाके मांडलेली असत. रस्त्याकडेला गाडीच्या काचेतून अस्वलांना भरवणे हा सहलीचाच भाग होता. १३ ऑगस्ट १९६७ रोजी मध्यरात्रीनंतर ग्लेशिअर उद्यानात, एकमेकांपासून काही मैलांवर, दोन वेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींना ठार मारले. उद्यानाच्या सत्तावन्न वर्षांत तोपर्यंत असे एकदाही घडले नव्हते. त्यातल्या एका ठिकाणी, ग्रॅनिट पार्कच्या डोंगरी निवासाबाहेर, उरलेसुरले अन्न टाकले जाई आणि रात्री अस्वले पाहायला पाहुणे जमत. त्यानंतर धोरण फिरले. यलोस्टोनमधले उघडे कचराडेपो १९७० पर्यंत बंद झाले, कचरापेट्यांना अस्वलाला न उघडता येणारी झाकणे आली, कॅम्पग्राउंडवर अन्न ठेवायला पोलादी पेट्या आल्या. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुढे बहुधा मारावेच लागते. साइटवर एखादा डबा किंवा भांडे उघडे राहिले तर त्याची शिक्षा त्या जनावराला होते, हे मुलांना आधी समजावून सांगावे. त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर पटते.

म्हणून नियम केवळ खाऊपुरता नाही. वास येणारे सगळे पेटीत: टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, ओठांचे मलम, बाळाचे पुसायचे रुमाल, कुत्र्याचे खाणे, रिकामा कूलरसुद्धा. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. आपण फोडणी देतो. हिंग-मोहरी-लसणाचा वास कपड्यांत तासन्‌तास राहतो, आणि अस्वलाचे नाक कुत्र्याच्याही पुढचे. स्वयंपाकाचा अंगरखा वेगळा ठेवावा, तो रात्री पेटीत किंवा बंद गाडीत जावा, आणि ज्या कपड्यांत पोळी भाजली त्यांत झोपू नये. तळण आणि फोडणीचे पदार्थ घरूनच कोरडे करून नेले तर उत्तम: भडंग, मेतकूट, दाण्याची चटणी, भाजलेला रवा. खरकटे पाणी झुडपात फेकायचे नाही, ठरलेल्या मोरीतच ओतायचे. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजला तंबूच काय, तंबूची कनात असलेली गाडीही चालत नाही. ग्रिझलींचा वावर इतका की तिथे फक्त पक्क्या भिंतींची वाहने ठेवतात. बुकिंग करताना हे न वाचता त्या जागेचे पैसे भरणारे दरवर्षी निघतात.

चालताना मिरचीच्या अर्काचा फवारा, म्हणजे बेअर स्प्रे, कमरेला हवा, सॅकच्या तळाशी नको. तो विमानात हातातल्या किंवा सोडलेल्या कोणत्याच सामानातून नेता येत नाही, तेव्हा उतरल्यावर तिथल्या गावात घ्यायचा. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडगा यांच्यापासून ९१ मीटर, बायसन आणि एल्क यांच्यापासून २३ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. बायसन गाईसारखा शांत चरतो म्हणून लोक फोटोसाठी जवळ जातात. तो माणसापेक्षा कितीतरी जोरात धावतो.

सह्याद्रीत वाढलेल्या भटक्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत किंवा पायथ्याच्या गावातल्या देवळात पथारी टाकायची ज्यांना सवय आहे, त्यांची काटकता इथे कामाला येते, अंदाज मात्र नवे बांधावे लागतात. कळसूबाई १,६४६ मीटर. रॉकी माउंटनमधल्या मोरेन पार्क कॅम्पग्राउंडवर आपण झोपतो तेच सुमारे २,५०० मीटरवर. विमानातून उतरून त्याच संध्याकाळी तिथे तंबू ठोकला तर डोके दुखणे, झोप न लागणे, मळमळ असा त्रास होऊ शकतो. पहिली रात्र १,६०० मीटरवरच्या डेन्व्हरला काढावी, वयस्कर मंडळींसाठी दोन. उलट ग्लेशिअर कितीही उत्तरेला असले तरी त्याच्या पश्चिमेचे अ‍ॅपगार कॅम्पग्राउंड हजार मीटरच्याही खाली आहे. आई-वडील बरोबर असतील तर कोलोरॅडोपेक्षा ते त्यांना मानवेल. जुलै-ऑगस्टच्या दुपारी उंचावर विजांचे वादळ जमते, म्हणून झाडांच्या रेषेवरची चाल पहाटे सुरू करून दुपारच्या आत खाली यायचे.

यलोस्टोनमध्ये ऐन उन्हाळ्यातही रात्रीचा पारा गोठणबिंदूजवळ जाऊ शकतो. पैसे तंबूवर उधळून जमिनीवर पातळ कॅरीमॅट टाकणारे रात्रभर कुडकुडतात. अंगातली ऊब खाली जमिनीत जाते, आणि स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग ती अडवू शकत नाही. हवेने फुगणारी जाड, उष्णतारोधक मॅट ही माझ्या मते सगळ्या सामानातली सर्वांत मोलाची वस्तू. चुलीचे गणितही उंचीने बदलते. अडीच हजार मीटरवर पाणी ९२ अंशांच्या आतच उकळते, तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. गाडी बरोबर आहे, तेव्हा छोटा कुकर खुशाल न्यावा. साध्या ब्यूटेनचा डबा शून्याच्या आसपास वायू देईनासा होतो. पहाटेच्या चहासाठी प्रोपेन हवा.

गाडी कोणती? भाड्याने मिळणारी घरासारखी मोठी आरव्ही मोहात पाडते, आणि गुडघे दुखणाऱ्यांना ती खरोखर सोयीची आहे. पण गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा, म्हणजे ६.४ मीटरपेक्षा, लांब आणि आरशांसह ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला मनाई आहे. ज्या रस्त्यासाठी एवढे दूर आलो तो मग बसमधून पाहावा लागतो. चार माणसांच्या कुटुंबाला साधी एसयूव्ही आणि बऱ्यापैकी तंबू पुरतो. ग्लेशिअरच्या हद्दीत पेट्रोल पंप नाही, बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही. नकाशे आधीच उतरवून ठेवावेत, एक छापील जवळ असावा. उद्यानांतल्या बहुतेक रस्त्यांवर वेग ताशी ७२ किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि बायसनचा कळप रस्त्यावर आला की तो शून्य होतो. यलोस्टोनच्या २२९ किलोमीटरच्या ग्रँड लूपला पूर्ण दिवस धरावा, तोही कुठे फारसे न उतरता.

कॅनडाचे काय? ग्लेशिअर आणि सीमेपलीकडचे वॉटर्टन मिळून १९३२ पासून जगातले पहिले आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान आहे, आणि नकाशावर बँफ हाकेच्या अंतरावर दिसते. भारतीय पारपत्र असेल तर कॅनडाचा व्हिसा वेगळा, चीफ माउंटनचे जवळचे नाके फक्त उन्हाळ्यात चालू, फळे-लाकूड नेण्यावर बंधने, आणि आरक्षणाची तऱ्हा तिसरीच. मोरेन लेकचा रस्ता २०२३ पासून खासगी गाड्यांना बंद आहे. लेक लुईस ते जॅस्पर हा २३२ किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे घाईने उरकायचा रस्ता नव्हे. बँफ-जॅस्पर कॅल्गरीला उतरून स्वतंत्र करावे.

ज्या जमिनीवर आपण तंबू ठोकतो ती रिकामी नव्हती. यलोस्टोनच्या डोंगरांत राहणाऱ्या टुकुडिका शोशोनींना उद्यान झाल्यावर बाहेर घालवले गेले. ग्लेशिअरचा पूर्व भाग १८९५ च्या कराराने ब्लॅकफीट लोकांकडून घेतला गेला, आणि त्यांचे राखीव क्षेत्र उद्यानाच्या सीमेला लागून आजही आहे. पूर्वेकडून निघणारी ब्लॅकफीट वाटाड्यांची सन टुअर्स ही बस लोगन पासवर नेते आणि त्याच शिखरांची त्यांच्या बाजूची कथा सांगते. एक दिवस गाडी उभी ठेवून त्या बसमध्ये बसावे.

दोन आठवडे हातात असतील तर मी रॉकी माउंटन आणि कॅनडा दोन्ही सोडीन. सॉल्ट लेक सिटीला उतरून गॅस, फवारा, किराणा घ्यायचा आणि साडेचारशे किलोमीटरवर ग्रँड टीटन गाठायचे. तीन रात्री कोल्टर बेला, कारण तळे, अंघोळ आणि धुलाई तिन्ही तिथे. मग यलोस्टोनचे दोन भाग: गरम पाण्याच्या कारंज्यांसाठी दोन रात्री मॅडिसनला, लामारसाठी तीन मॅमथला किंवा स्लू क्रीकला. उत्तरेच्या वाटेवर एक रात्र राष्ट्रीय वनात. ग्लेशिअरमध्ये दोन रात्री पूर्वेला सेंट मेरीच्या कॅम्पग्राउंडवर, दोन पश्चिमेला अ‍ॅपगारला, आणि मधला रस्ता शक्यतो सकाळच्या उन्हात पूर्वेकडून चढायचा. परतीचे विमान कॅलिस्पेलहून धरले तर गाडी दुसऱ्या गावात सोडल्याचे जादा भाडे पडते, पण हजार किलोमीटरचा उलटा प्रवास वाचतो. उड्डाणाच्या आदल्या रात्री तिथल्या साध्या मोटेलात खोली घ्यावी: तंबू वाळवायला, भांडी घासायला, आणि विमानात न चालणारे गॅसचे डबे व न वापरलेला फवारा नुकत्याच आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या हाती द्यायला.